मापाड्याच्या हातची सीता

खोटं मी एकदाच बोलले, पण ते दहा वर्षं पुरलं. आता सगळ्या निलंग्याला ठाऊक झालंच हाय, तर माझ्याच तोंडानं सांगते. दुसऱ्यानं सांगितलं की त्यात तिखटमीठ पडतं, अन् माझ्या भाजीत मला दुसऱ्याचं मीठ चालत न्हाई.

मी पार्वतम्मा. आमचे मालक मडिवाळप्पा निलंग्याच्या मोंढ्यात मापाडी. आडतीवर आलेला माल काट्यावर तोलायचा, पोत्याचं तोंड दाभणानं शिवायचं, हे त्यांचं काम. माणूस अंगानं असा दांडगा की दारातून आत येताना घरात अंधार पडतो. मिशा ह्या एवढ्या. आणि तोंडात शब्द न्हाई. दिवसभर मोंढ्यात मापं मोजून घसा सुकतो म्हणावं, तर सुट्टीच्या दिवशीही तसंच. आमच्या घरात दोघांचं बोलणं मी एकटी बोलते. लग्न झाल्यापासून तसंच चाललंय, माझीही तक्रार न्हाई.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मोंढ्यात तोलायला दाणा न्हवता. काटे आडतीच्या माडीवर गेले आणि आम्ही दोघं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. त्यातच यांच्या भाचीचं, बसम्माचं लग्न. सोयरीक उदगीरची, आधीच ठरलेली, मोडायची तर कशी मोडायची? उदगीरवाले माणसं पंचवीसच बोलवा म्हणले, कबूल. पण रुखवत? नवरीकडच्यांनी मांडवात लाडू, करंज्या, शेवया आणि पोरीच्या हातच्या शोभेच्या वस्तू मांडायच्या, चार बायकांनी बघायच्या. त्या साली रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकर गिळायची मारामार, लाडवाला पीठ कुठलं? नणंद माझ्या दारात बसून रडली. म्हणली, "रिकाम्या पाटासमोर माझ्या पोरीला उभी करू व्हय?"

यांनी मिलोचं रिकामं पोतं घेतलं, माझ्या फाटक्या लुगड्याचे काठ घेतले, न विचारता माझं केसांत घालायचं गंगावन घेतलं, आणि कामावरून आलं की परसात पाठमोरे बसायला लागले. मी दोनदा ओरडले, गंगावनासाठी. चौथ्या दिवशी संध्याकाळी बघते तर पाटावर सीता बसलेली.

अशोकवनातली सीता. हातभर उंच, दगडावर बसलेली, एक हात गालाला, नजर खाली. तिच्या टाचांना तपकिरी दोऱ्यानं भेगा घातल्या होत्या. मी म्हणलं, "सीतामाईच्या टाचा फुटलेल्या कशाला?"

"वनवासात हाय ती," हे म्हणले.

कामावर खडी फोडणाऱ्या आम्हा सगळ्या बायकांच्या टाचा तशाच होत्या. मला रडू आलं, ते मी यांना दिसू दिलं न्हाई. ह्या माणसाला साधं बटण लावता येतं का न्हाई, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक न्हवतं. पोत्यांची तोंडं शिवून शिवून त्यांच्या हाताला एवढं काय काय येत होतं, आणि मी म्हणत होते, माणूस नुसता बैल हाय.

लग्नाच्या दिवशी उदगीरच्या बायका त्या सीतेभोवती गोळा झाल्या. आता रीत अशी की रुखवत कुणीही करो, नवरीनं म्हणायचं, मीच केलं. बसम्मा म्हणली तसं. पण सासू खमकी. म्हणली, "पोरी, हे हात शिकलेले हायत. खरं कोणाचे?" बसम्मानं माझ्याकडं बघितलं. मी यांच्याकडं बघितलं. हे मोंढ्यातल्या हमालांच्या रांगेत बसलेले, पाठीवर शंभर किलोचं पोतं घेऊन पळणारी ती माणसं. यांच्या कपाळावर घाम आला होता. मनात म्हणलं, मिशाळ मापाडी बाहुल्या करतो हे कळलं तर ही माणसं ह्याला जगू देणार न्हाईत.

"मी केली," मी म्हणले.

झालं. त्या दिवसापासून मी कलावती. पुढच्या लग्नसराईत तीन पोरी आल्या, त्याच्या पुढच्या सराईत सात. समोरच्या खोलीत मी गिऱ्हाईक घ्यायची, मागच्या खोलीत दार लोटून हे शिवायचे. "अक्का, कधी होईल हो?" विचारलं की मी सुस्कारा टाकून सांगायची, "बाई, डोळे काढताना श्वास रोखून बसावं लागतं." कशानं डोळे काढतात हे देवाला ठाऊक. सुईबद्दल विचारा, तासभर बोलले असते. सुई हातात दिली असती तर मेले असते.

यांच्या हातच्या बायका मात्र बघाव्या. द्रौपदी मोकळ्या केसांची, तिच्याकडं बघितलं की आपलीच मान खाली जायची. सावित्री यमाच्या मागं चाललेली, कासोटा घट्ट, एक पाऊल पुढं. दमयंती, अहिल्या, शकुंतला. हे कधी कुठली पोथी घेऊन बसले न्हाईत. मठात कीर्तन, पुराण ऐकलेलं, तेवढंच. एकच खोड. प्रत्येकीच्या गळ्यात चंदेरी कागदाची लिंगाची डबी आणि कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. सीता असो की द्रौपदी.

मी म्हणलं, "अहो, सीता कधी लिंगायत होती?"

"उघड्या गळ्याची बाई मला बरी दिसत न्हाई," हे म्हणले.

आमच्यात लेकरू जन्मलं की गळ्यात लिंग येतं, ते मरेपर्यंत. यांच्या डोळ्याला बाई म्हणजे तशीच. गिऱ्हाईकही सगळं आमच्याच लोकांतलं, त्यामुळं कुणाला खटकलं न्हाई. मलाही पुढं दिसेनासं झालं. पण ब्याऐंशीत तुळशीच्या लग्नानंतर एका मराठा पाटलांच्या पोरीसाठी आम्ही सावित्री दिली आणि घोटाळा झाला. वऱ्हाड लातूरचं. नवरदेवाकडच्या बायका पोट धरधरून हसल्या. म्हणल्या, "यमाच्या मागं पळायच्या घाईत सावित्रीनं लिंग कधी बांधलं?"

त्या हसणाऱ्यांत एक हसली न्हाई. वहिदाबाई म्हणून लातूरच्या, नवरदेवाच्या शेजारणी. तेव्हा नुकताच लातूर जिल्हा झाला होता. पंधरा ऑगस्टच्या सुमाराला दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' रंगवायची सगळीकडं एकच धांदल. नव्या जिल्ह्यात नवी नवी कामं निघाली, त्यातलं बायकांच्या शिक्षणवर्गाचं काम ह्या वहिदाबाईंकडं आलेलं. त्यांनी ती सावित्री हातात घेऊन उलटी-सुलटी बघितली, आतले टाके बघितले आणि माझा पत्ता घेतला.

संक्रांतीनंतर पत्र आलं. लातूरला जिल्ह्याचं पहिलं बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन, तीन दिवस. पार्वतम्मांनी यावं, लोकांसमोर बसून बाहुली करून दाखवावी. जिचा हात सगळ्यात चांगला, तिला वर्गावर शिकवायला घेणार, महिन्याच्या महिन्याला पगार. गावातल्या महिला मंडळानं तर माझ्या दारात येऊन मला हार घातला. आणि मी तो घालून घेतला, अशी मी शहाणी.

बायका गेल्यावर मी भिंतीला टेकून बसले. म्हणलं, "अहो, आता खरं सांगून टाकू."

यांनी मान हलवली. मग त्यांच्या मानानं लई बोलले. "आता नको, पारू. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. आता म्हणतील, मडिवाळप्पा दहा वर्षं बायकोच्या पदराआड लपला. मग मोंढ्यात कुठल्या तोंडानं माप म्हणू?"

म्हणजे सांगावं तर यांची अब्रू जाणार, गप बसावं तर माझी. न जावं तर महिला मंडळ विचारणार, का गं बाई, आमचा हार घेतलास तो कशाला? आजारी पडायचा विचार केला, पण माझी तब्येत अशी की कुणाचा विश्वास बसला नसता.

मग हे मला शिकवायला बसले. पंधरा दिवस होते हातात. "असं धर," म्हणायचे. धरायची. "असं ओढ," म्हणायचे. ओढायची, की दोरा तुटायचा. तुटला की मी दोऱ्याच्या गिरणीवाल्याला शिव्या द्यायची. करायला गेले गणपती, झाला मारुती म्हणतात, तसं माझं. दहाव्या दिवशी माझी पहिली सीता झाली. यांनी ती हातात घेतली, लांबून बघितली, जवळून बघितली.

"शूर्पणखा म्हणून खपेल," म्हणले.

वीस वर्षांच्या संसारात यांनी केलेली ही पहिली थट्टा. मी हसले, मग रडले, मग सुईचा डबा भिरकावला. सगळ्या खोलीत सुया झाल्या. हे गुडघ्यावर बसून एकेक वेचत राहिले, वर बघितलं न्हाई. तेवढा राग मला दुसऱ्या कुणाचा सोसला नसता, तो ह्या माणसानं माझा सोसला. म्हणून सांगते, माझा लई जीव जडलाय ह्यांच्यावर. बोलून दाखवत न्हाई, ते वेगळं.

लातूरला गेलो ते सकाळच्या एसटीनं. बोचकं घेऊन हे सोबत. बसमध्ये मी ठरवलं होतं, बोटात सुई टोचून घ्यायची आणि हात दुखतो म्हणायचं. औसा येईपर्यंत मला वाटत होतं, वा पार्वतम्मा, काय डोकं.

शाळेच्या मैदानात मांडव होता. आत बायका, दोरीपलीकडं बाप्ये. एका बाजूला आमच्या जुन्या बाहुल्या मांडलेल्या, सहा जणींनी आपापल्या रुखवतातल्या आणून दिलेल्या. वहिदाबाईंनी मला मधल्या सतरंजीवर बसवलं. पन्नासेक बायका भोवती. आमचं महिला मंडळ पुढच्या रांगेत, मानेनं मला 'कर, कर' म्हणत बसलेलं. मी कापड घेतलं. सुईत दोरा जाईना. कसंबसं धड शिवलं, वर डोकं लावलं, तर मान कलली. सरळ केली, तर गळूनच पडली.

मग ठरल्याप्रमाणं सुई टोचली. टोचायची होती जराशी, पण जोर जास्त झाला आणि ती नखाखाली गेली. रक्त आलं. मी म्हणले, "आता न्हाई होणार हो, हात गेला."

वहिदाबाई माणूस चांगलं. चिंधी बांधली, म्हणल्या, "काही हरकत न्हाई, अक्का. प्रदर्शन तीन दिवस हाय. उद्या करा."

उद्या. म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेवढ्यात मागून एक बाई बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "नाचता येईना, अंगण वाकडं. हिला साधा टाका घालता येईना. कुठूनतरी विकत आणून आपल्या नावावर खपवत असेल. चोरटी."

महिला मंडळ खाली बघायला लागलं. मी, जिला कुणी कधी गप केलं न्हाई ती मी, मला शब्द सापडेना. डोळ्यांसमोर सतरंजीचे पट्टे तेवढे दिसत होते.

दोरी हलली. हे आत आले. वहाणा काढल्या, त्या दोरीपाशी नीट ठेवल्या. बायकांतून वाट काढत आले. बायका बाजूला होत गेल्या, एवढा मोठा माणूस, करणार काय. माझ्याजवळ आले आणि म्हणले, "सरक."

मी सरकले. हे मांडी घालून बसले, माझ्या हातातली सुई घेतली, धोतराच्या सोग्यानं रक्त पुसलं, दोरा एका झटक्यात ओवला. दोरीपलीकडून कुणी बाप्या खिदळला. कुणी शीळ घातली. यांनी वर बघितलं न्हाई. मी शिवलेलं बाहुलीचं धड उसवलं, कापूस काढला, पुन्हा भरला. ती जाड, ढोरासारखी राबलेली बोटं अशी चालली की बायका पुढं सरकायला लागल्या. आधी एक बसली, मग दुसरी. तासाभरात त्या सतरंजीवर सीता बसली. गालाला हात, टाचांना भेगा, गळ्यात लिंग. खिदळणं कधी थांबलं ते मला कळलं न्हाई.

वहिदाबाई उकिडव्या बसल्या. म्हणल्या, "अप्पा, ह्या तिकडच्या सहाही तुमच्याच?"

यांनी मान हलवली.

"मग लपवलं कशाला?"

यांनी सुई कापडात खोचून ठेवली. मग मीच बोलले, उभी राहून, चोरटी म्हणणाऱ्या बाईलाही ऐकू जावं म्हणून. म्हणलं, "यांनी न्हाई लपवलं. मी लपवलं. पहिल्या दिवशी मी म्हणले, मी केली. दहा वर्षं नाव मी मिरवलं, हारसुद्धा घातला. काय बोलायचं ते मला बोला."

तेवढ्यात बाहुल्या आणलेल्या सहा जणींतल्या एकीची सासू सुनेकडं वळून म्हणली, "आणि तू तर म्हणली होतीस, पहाटे उठून मीच करत होते." सून लाल झाली. मग सगळ्याच हसायला लागल्या. त्या हसण्यात विष न्हवतं.

शिकवायचं काम अर्थातच मिळालं न्हाई. वर्ग बायकांचा, शिकवायला बाईच पाहिजे. ते चाकूरच्या एका पोरीला मिळालं, लोकरीचं काम करणारी, हात खरंच चांगला होता तिचा. मला त्याचं दुःख न्हवतं. दुःख वेगळंच होतं, ते परतीच्या एसटीत कळलं.

मी यांना विचारलं, "बसम्माच्या लग्नात मी बोलले नसते तर? तुम्ही काय केलं असतं?"

हे खिडकीबाहेर बघत होते. "सांगणार होतो," म्हणले. "तोंड उघडलं होतं. तू आधी बोललीस."

पुढचा बराच रस्ता मी त्या लग्नातला दिवस आठवत बसले. तो घाम मी भीतीचा समजले होते. माणूस उठून चार लोकांत बोलायचं बळ गोळा करत होता, आणि मी मधीच पडले. दहा वर्षं स्वतःला शाबासकी दिली, की मी नवऱ्याची इज्जत राखली. राखली कसली, दाबून ठेवली. मी म्हणलं, "चुकलं माझं." यांनी माझ्या चिंधी बांधलेल्या बोटाकडं बघितलं आणि म्हणले, "लई दुखतंय का?"

सोमवारी मोंढा. आमच्या आधी बातमी गावात पोचलेली. हे रोजच्यासारखे पटका बांधून निघाले. मला घरात बसवेना. तेलाची बाटली घेऊन मागोमाग गेले आणि आडतीसमोरच्या लिंबाखाली उभी राहिले. शिवप्पा हमाल, तोंडाचा फाटका, तो पोत्यावर चढून म्हणाला, "या मावशी, आज काय शिवणार?" सगळे हमाल हसले. माझ्या हातातली बाटली मी फेकून मारणारच होते. यांनी काट्याची साखळी सरळ केली, पोतं टाकायची खूण केली आणि रोजच्या आवाजात पहिलं माप म्हणले, "लाभ." मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. मग दोन, मग तीन. आवाज कुठं चिरकला न्हाई. दुपारपर्यंत पोरं चिडवून चिडवून कंटाळली. मी तेल न घेताच घरी आले.

आठ दिवसांनी दिवेलागणीला दारात शिवप्पा. टोपी हातात. मी कमरेला पदर खोचला, म्हणलं ये रे बाबा, तुझीच वाट बघत होते.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"तुमच्याकडं काम न्हाई, वैनी," तो म्हणाला. "अप्पाकडं हाय."

दहा वर्षांत त्या दारात शंभर माणसं आली असतील. सगळ्यांनी मला विचारलं. यांना विचारत आलेला हा पहिला. छातीत जरा दुखलं, खोटं कशाला सांगू. नाव गेलं की दुखतंच. पण त्याहून कितीतरी बरं वाटलं. मी मागचं दार उघडलं, सताड, आणि म्हणलं, "अहो, तुमच्याकडं माणूस आलंय."

हे बाहेर येऊन बसले. शिवप्पा टोपी चुरगाळत म्हणाला, "थोरलीचं ठरलंय. रुखवतात सावित्री पाहिजे. सगळे सावित्रीच मांडतात. होईल का?"

होईल, पंधरा दिवस लागतील, काठाचं कापड तुमचं तुम्ही आणा, हे सगळं माझ्या जिभेवर आलेलं. दहा वर्षांची सवय. मी उंबऱ्यात बसले आणि ओठ मिटून घेतले. शिवप्पानं माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं बघितलं. रस्त्यानं एक सायकल गेली. मला वाटलं, आता हे मान हलवतील आणि झालं.

यांनी घसा साफ केला.

"सावित्री नको," म्हणले. "तुझी पोरगी मी बघितलीय, आडतीवर भाकर घेऊन येते ती. हसरी हाय. सावित्री लई ताठ बाई, तिच्या संसारात ती शोभायची न्हाई. हिला दमयंती करू, हंसाशी बोलताना. मान जराशी वाकडी, आत्ताच काहीतरी चांगलं ऐकल्यासारखी." मग हात वर करून मान कशी वाकडी ते त्यांनी स्वतः करून दाखवलं, मिशांसकट, आणि शिवप्पा हसला न्हाई.

दाराच्या फटीतून प्रत्येक पोरीला बघून हे तिच्याजोगी बाई निवडत होते. इतकी वर्षं मी दाराच्या अलीकडं बसून गिऱ्हाइकांना तोंडाला येईल ते सांगत आले, आणि हे मला कधी ठाऊकच न्हवतं. कारण मी कधी विचारलं न्हाई.

ते बोलत राहिले. मी ऐकत बसले.